ताईनं हात लावायचा नाही

मदत विभागाच्या बाई आमची परिस्थिती बघायला येणार होत्या, त्या दिवशी ताई उजाडायच्या आत माझ्या घरी आली आणि तिनं ती परिस्थिती घासूनपुसून लख्ख केली.

नळ चमकवले, चादर बदलली, पलंगाखालचं रात्रीचं भांडं गॅलरीत नेऊन लपवलं. बाथरूममधल्या ज्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसवून ती मला आंघोळ घालते, तो स्टूल पुसून कोपऱ्यात असा ठेवला की त्याच्यावर कधी कुणी बसलंच नसावं. मला आंघोळ घातली, केस विंचरले, निळा कॉलरचा झगा चढवला. मग फरशी दोनदा पुसली. इतकी गुळगुळीत की पाय घसरून पडावं. पडणार अर्थातच मी.

"माणसं यायच्या वेळी घर नीट नको?" ती म्हणाली.

"ताई, त्या पाहुण्या नाहीयेत."

"घरात आलं ते पाहुणंच, चिमे."

चिमी म्हणजे मी. साठी उलटली तरी ताईसाठी चिमीच. घराबाहेर मात्र मला सगळे मास्तर म्हणायचे. गणवेश शिवायच्या कारखान्यात मी कटिंग मास्तर होते. कापडाचे थर एकावर एक पसरायचे, वरच्या थरावर खडूनं आखायचं आणि एका दमात सगळे थर कापायचे. हात चुकला की एक शर्ट नाही, अख्खा गठ्ठा वाया. माझा हात चुकत नसे. बाई कटिंग मास्तर असू शकते हे तिथल्या पुरुषांच्या डोक्यात शिरायला काही वर्षं लागली, आणि ती वर्षं मी त्यांच्यावर ओरडण्यात घालवली. अजूनही समोर माणूस आला की आधी त्याचे खांदे दिसतात, मग तोंड.

दीड वर्षापूर्वी झटका आला आणि माझी उजवी बाजू गेली. हात पूर्ण गेला, पाय अर्धा गेला, जीभ मात्र शाबूत राहिली. डॉक्टर म्हणाले, नशीब समजा. घरच्यांना काय वाटलं ते त्यांनी बोलून दाखवलं नाही.

दवाखान्यातून सोडताना तिथल्या नर्सनं सांगितलं होतं की घरी येऊन मदत करणारी माणसं सरकारी मदत विभागातून मिळतात, अर्ज करा. मला फार काही नको होतं. सकाळी उठवायला, संडास-आंघोळीला आणि कपड्यांना कुणीतरी, आणि संध्याकाळी निजवायला कुणीतरी. मधला दिवस माझा मी काढते. डाव्या हातानं चहा करते, रेडिओ लावते, खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या शिवणीला नावं ठेवते. घर माझं आहे. माझ्या कात्रीवर घेतलेलं आहे.

पण तोवर हे सगळं ताई करत होती. ती राहते तिच्या मुलाकडे, पलीकडच्या गल्लीत. मी तिसऱ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नाही. ती माझ्याहून मोठी, गुडघ्यांनी अधू. सकाळी चढायची, उतरायची, संध्याकाळी परत चढायची.

आणि मी, जी डॉक्टरवर ओरडते, भाच्यावर ओरडते, गॅसवाल्यावर तर तो जिन्यात असल्यापासून ओरडते, ती ताईसमोर मात्र मऊ. जे हात आपल्याला आंघोळ घालतात त्यांच्यावर ओरडता येत नाही. उद्या सकाळी तेच हात परत लागणार असतात. पाणी फार गार असलं तरी मी "बरं आहे" म्हणायचे. दीड वर्षात तिला एक उलट शब्द बोलले नव्हते, आणि ताई कौतुकानं सगळ्यांना सांगायची, "आजारपणानं शहाणी झाली हो आमची चिमी."

तर बाई आल्या. तिशी-पस्तिशीच्या, उतरत्या खांद्यांच्या. जाकिटाची डावी बाही उजवीपेक्षा बोटभर लांब.

"आजी, तुमचे कपडे तुम्हाला घालता येतात?"

"आजी नका म्हणू. मला नातवंडं नाहीत. लग्नच केलं नाही."

"बरं, मावशी. बटणं लावता येतात का?"

आता हे मला विचारावं? मला? "न यायला काय झालं?" मी म्हणाले. डाव्या हातानं एक बटण लावायला किती वेळ लागतो, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. संडासला एकट्या जाता? जाते. आणि जातेही मी. वेळेवर पोचते की नाही हा वेगळा विषय. चांगला झगा घालून, स्वतःच्या खुर्चीत ताठ बसून, परक्या बाईला असल्या गोष्टी सांगायच्या? माझी जीभ शाबूत होती, पण त्यासाठी नव्हती.

"सकाळ-संध्याकाळ यांच्याकडे कोण बघतं?"

"मी आहे ना," ताई दारातून म्हणाली. हातात चहाचा ट्रे. "मी आहे तोवर हिला काही कमी पडायचं नाही."

बाईंनी मान डोलावली, टॅबवर बोट फिरवलं, चहा घेतला, बिस्किटं खाल्ली. "किती छान ठेवलंय हो घर," म्हणाल्या आणि गेल्या. ताई दिवसभर खुशीत होती. परीक्षेत पहिली आल्यासारखी.

पुढच्या आठवड्यात फोन आला. पलीकडे कुणी मुलगी होती, गोड आवाजाची. सेवा मंजूर झाली नाही, म्हणाली. मी बऱ्यापैकी स्वावलंबी आहे आणि मला घरचा सक्षम आधार आहे.

"तुमचा सक्षम आधार जिना उतरताना कठड्याला धरून आडवा उतरतो," मी म्हणाले. "तुमच्या बाईंना दिसला नाही वाटतं."

"सांभाळायला तयार असलेलं जवळचं माणूस असेल तर सेवा देता येत नाही, मॅडम. नियम आहे."

"कुणी केला नियम?"

"मी फक्त कळवते, मॅडम."

त्यानंतर मी जे बोलले ते लिहिण्याजोगं नाही. त्या मुलीनं फोन ठेवला नाही, शेवटपर्यंत ऐकून घेतलं, त्यामुळे तर आणखीच संताप झाला.

संध्याकाळी भाचा आला. बसच्या डेपोत मेकॅनिक आहे तो, नखांत कायम काळं. आल्या आल्या आईवरच तुटून पडला.

"कशाला म्हणालीस मी आहे ना? आई, तू नाहीयेस. तुझे गुडघे नाहीयेत. डॉक्टरांनी जिने बंद सांगितलेत, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन सांगितलंय. ते सगळं सोडून मी आहे ना?"

"मग परक्या माणसासमोर काय म्हणायचं होतं? सख्ख्या बहिणीला बघणार नाही म्हणू?"

"हो. तेच म्हणायचं होतं."

"जीभ झडेल माझी."

मग तो माझ्याकडे वळला. "आणि तू, मावशी. बटणं येतात म्हणे."

मी आतून नुसती उकळत होते. त्या बाईवर, त्या नियमावर, बटणांच्या प्रश्नावर. पण सगळ्यांत जास्त ताईवर. तिच्या चांगुलपणानं माझा गळा कापला होता आणि वर चहा-बिस्किटं दिली होती. हे तिला तोंडावर सांगावं म्हणून मी तोंड उघडलं. तेव्हा ताई खाली बसून माझ्या उजव्या पायातला मोजा काढत होती. खाली बसताना तिचे गुडघे कडाकडा वाजलेले मी ऐकले होते. मी तोंड मिटलं.

भाच्यानं एक जागा बघून ठेवली होती. गावाबाहेर, म्हाताऱ्या माणसांसाठी. "तिथं सगळं असतं, मावशी. डॉक्टर, वेळच्या वेळी जेवण, टीव्ही."

"टीव्ही माझ्याकडे पण आहे."

ती जागा मला माहीत होती. आमच्या कारखान्यात काजं करणारी एक बाई होती, माझ्याहून वयानं मोठी, ती तिथं असते. मी चालतीफिरती होते तेव्हा तिला भेटायला गेले होते. भिंतीलगत खुर्च्यांची रांग, आणि त्यातल्या एका खुर्चीत ती. अंगात दुसऱ्याच कुणाचा तरी स्वेटर, आणि त्याची बटणं एक काज सोडून लावलेली. खालपासून वरपर्यंत सगळी चुकलेली, एक बाजू कानापर्यंत वर गेलेली. जिनं आयुष्यभर काजं केली तिला तसं बसवून ठेवलं होतं. मी सगळी बटणं काढून परत लावली. ती नुसती माझ्या हातांकडे बघत राहिली. तिथली माणसं वाईट नव्हती. घाईत होती. घाईतल्या माणसाच्या हातात मला माझी बटणं द्यायची नव्हती, बाकी तक्रार काही नव्हती.

हे मी भाच्याला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "फेरपाहणी मागता येते. एकदाच. त्यातही नाही म्हणाले तर तू तिकडे जायचंस. मावशी, मला माझी आई पण बघायचीय."

"जाईन," मी म्हणाले.

मग तो मला शिकवायला बसला. फेरपाहणीला जरा अवघड दाखव, म्हणाला. डोळ्यांतून पाणी काढ.

"मी रडत नाही."

"मग कण्ह तरी."

"कण्हायला मी काय नाटक कंपनीत होते? जे आहे ते दाखवीन. पण बाईंनी सकाळी सातला यायचं, मी अंथरुणात असताना. चहाच्या वेळेला नाही."

त्यासाठी ऑफिसशी वेगळं भांडावं लागलं. आमच्या भेटी अकरानंतर असतात, म्हणाले. मी म्हटलं, अकराला मी बाई असते, सातला गाठोडं असते, तुम्हाला गाठोडं बघायचंय. त्यांनी कुणा साहेबाला जोडून दिलं, त्याला मी तेच सांगितलं, त्यानं आणखी वरच्याला विचारतो म्हणून सांगितलं. शेवटी हो म्हणाले, बहुधा माझा आवाज बंद व्हावा म्हणून.

ताईला मी अट घातली. "तू खुर्चीवर बसायचं. हात लावायचा नाही. काही झालं तरी."

"काही झालं तरी म्हणजे?"

"म्हणजे काही झालं तरी. घर पुसायचं नाही, चहा करायचा नाही. आणि त्यांनी विचारलं तर नाही म्हणायचं. मी हिचं करणार नाही, असं स्पष्ट म्हणायचं. खोटं का होईना, म्हणायचं."

ताई खिडकीतून बाहेर बघत राहिली. "बघू," म्हणाली. मला तिचं हे बघू माहीत आहे. मी मनातल्या मनात त्या खुर्च्यांच्या रांगेत जाऊन बसले.

सकाळी त्याच बाई आल्या. तेच जाकीट, तीच लांब बाही. ताईनं दार उघडून दिलं आणि सांगितल्याप्रमाणे खुर्चीवर जाऊन बसली, पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. खोलीला रात्रीचा वास होता. तो वास त्यांना येत होता हे मला दिसत होतं.

"सुरू करते," मी म्हणाले.

आधी डाव्या पायानं उजवा पाय उचलून कडेला आणायचा. मग डाव्या हातानं पलंगाची कड धरून अंग वळवायचं. मग कोपरावर रेटा देऊन उठायचं. मी रेटा दिला आणि परत मागे पडले. छताकडे बघत पडून राहिले, दम घेतला. परत केलं. परत पडले. झगा गुंडाळून मांडीपर्यंत वर गेला होता, आणि तो खाली ओढायला मोकळा हात नव्हता, कारण असलेला एक हात कड धरायला लागत होता. बाई भिंतीकडे बघायला लागल्या.

"इकडे बघा," मी म्हणाले. "बघायला आलात ना?"

तिसऱ्यांदा बसले. घाम फुटला होता. चार पायांची काठी ओढून घेतली आणि तिच्यावर भार टाकून उभी राहिले. बाथरूमचं दार तिथून समोर दिसतं. धडधाकट माणूस बोलता बोलता पोचेल. मी एक पाऊल टाकलं, दुसरा पाय ओढला, आणि तिथंच सुटलं. सकाळचं असतं, ते थांबत नाही. पायावरून गरम गरम खाली, फरशीवर. आवाज झाला. तिघींनी ऐकला.

ताई उठली.

"ताई, बस."

"अगं पण ओली—"

"बस म्हटलं ना. खाली बस."

दीड वर्षात पहिल्यांदा मी तिच्यावर आवाज चढवला होता. ती थोबाडीत मारल्यासारखी खाली बसली.

"अहो, त्यांना जरा धरा ना," बाई ताईला म्हणाल्या. "मला हात लावायची परवानगी नाही."

"मग कुणाला आहे?" मी विचारलं. काठी ओल्या फरशीवर सरकायला लागली होती. "मी मुतात उभी आहे. या घराचा सक्षम आधार त्या खुर्चीत बसलाय, त्याला उठायला दोन मिनिटं लागतात. तुमच्या कागदावर मी स्वावलंबी आहे. आता सांगा, मी काय करू?"

बाई ताईकडे वळून अगदी हळू म्हणाल्या, "तुम्ही करता ना हे रोज? यापुढेही कराल का? मला विचारावं लागतं, म्हणून."

ताई फरशीवरच्या ओलाकडे बघत होती. मी म्हटलं, आता परत 'मी आहे ना' म्हणणार. संपलं.

"नाही," ताई म्हणाली.

मला हायसं वाटलं. म्हटलं, जमलं बाई तुला. पण ती थांबली नाही.

"मला कंटाळा आलाय," ती म्हणाली. बाईंना नाही, फरशीला सांगत होती. "पहाटे जाग आली की छातीत धस्स होतं. आता उठायचं, जिने चढायचे, हिचं ओलं काढायचं. सासूचं केलं. नवऱ्याचं केलं, तो तीन वर्षं अंथरुणात होता. मुलांचं तर केलंच. आता हिचं. मला कुणी विचारलंच नाही कधी. सगळे धरूनच चालले, ताई आहे. मी पण धरून चालले. मधल्या जिन्यात बसते मी रोज. लोकांना वाटतं दम लागला. दम नाही लागत. वर यावंसंच वाटत नाही. वाटतं, पडून राहू दे. आपली बहीण आहे, आणि वाटतं पडून राहू दे तिला."

ताईला नाटक येत नाही. लहानपणी लपाछपीत सुद्धा ती हसून सापडायची. मी तिला माझ्यासाठी खोटं बोलायला सांगितलं होतं, आणि ती खरं बोलत होती. मी तशीच उभी होते, झग्याची ओली कड पायाला चिकटलेली. लाज मघाशीच वाटून संपली होती.

बाईंनी टॅब टेबलावर ठेवला आणि मला धरून बाथरूममध्ये नेलं. परवानगी नसताना. तेवढं मी मान्य करते. पण त्यानं माझा राग उतरला नाही. स्टुलावर बसल्या बसल्या मी त्यांना सांगितलं, "एका म्हातारीनं सख्ख्या बहिणीच्या तोंडावर असं बोलल्याशिवाय तुम्हाला एक बाई पाठवता येत नाही. आम्ही एकमेकींना जीव लावला तर मदत बंद. हे कुठलं डोकं आहे हो तुमचं?"

"माहीत आहे मला," त्या खाली मान घालून म्हणाल्या.

त्यांना माहीत होतं. मग तर माझं डोकंच फिरलं, पण तोवर पाणी गरम झालं होतं आणि ताई बाहेर रडत होती.

सेवा मंजूर झाली. सकाळ-संध्याकाळ एक मदतनीस येते. रुंद खांद्यांची, गार हातांची, कमी बोलणारी. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, "यातलं काय तुम्ही करणार आणि काय मी करू?" मी तिच्याकडे बघतच राहिले. दीड वर्षात हे मला कुणी विचारलं नव्हतं. बटणं मी लावणार, मी म्हणाले. लावते मी. ती तोवर खिडकीशी उभी राहून बाहेर बघते आणि घड्याळाकडे बघत नाही. पाणी गार असलं की मी ओरडते. ती म्हणते, मग आधी सांगायचं. आमचं बरं चाललंय.

ताई मात्र आली नाही. भाचा म्हणाला, सकाळी उशिरापर्यंत झोपते, ऑपरेशनची तारीख मिळालीय. तिनं फोन केला नाही, मीही केला नाही. खिडकीत बसून मी नुसती धुमसत होते. पडून राहू दे. रोज जिन्यात बसून. आणि मग वर येऊन हसून म्हणायची, उठलीस का गं?

ऑपरेशनच्या आधी एका दुपारी बेल वाजली. तिच्याकडे माझ्या घराची किल्ली आहे, तरी बेल वाजली. मी उठले, काठी घेतली, दारापर्यंत गेले. वेळ लागला. दार उघडलं तर ताई.

ती खुर्चीत बसली. मी पलंगावर बसले.

"बरी आहेस?"

"बरी आहे. तू?"

"बरी." तिनं पदर नसताना सवयीनं खांदा सावरला. "चिमे, त्या दिवशी मी जे बोलले ना, ते मनावर नको घेऊस. तसं काही—"

"खबरदार परत घेशील तर," मी म्हणाले.

ती दचकली. मग माझं जे सुटलं ते सुटलंच. "दीड वर्ष हसत हसत माझ्या अंगावर पाणी ओतलंस आणि मनात म्हणत होतीस पडून राहू दे. सांगायला काय धाड भरली होती?"

"कुणाला सांगणार? तुला?" ताईचाही आवाज वर गेला. "तू अशी गोगलगाय होऊन बसलेली. काही बोलायची नाहीस, काही मागायची नाहीस. मला वाटलं अर्धी मेलीच ही."

"तुझ्या हातात साबण होता. मी ओरडणार कशी?"

"म्हणजे? मी काय तुला तशीच साबणात सोडून गेले असते?"

"मला काय माहीत? जिन्यात बसून काय काय ठरवायचीस तू. आणि तुला आंघोळ घालता येत नाही. कानात पाणी घालतेस. दीड वर्ष माझे दोन्ही कान भरलेत."

"मग सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी आली असतीस?"

ताईनं क्षणभर विचार केला. "आले असते. पण गार पाण्याची बादली घेऊन." मग तिचा चेहरा एकदम लाल झाला. "आणि तू गं? एकदा तरी म्हणालीस, ताई, बस जरा? दम खा? एकदा?"

मी आवाज वाढवला. तिनंही वाढवला. लहानपणच्या फ्रॉकपासून आईच्या शिवणयंत्रापर्यंत सगळं निघालं. मी तिला ढोंगी म्हणाले, ती मला आतल्या गाठीची म्हणाली. शेवटी ती पर्स उचलून उठली.

"जाते मी. तुझ्याशी बोलून उपयोग नाही."

"जा. आडवी जा, कठड्याला धरून."

तिनं दार आपटलं. मी काठी घेऊन तिच्यामागे गेले, कारण शेवटचा शब्द तिचा राहणं मला चालण्यासारखं नव्हतं. दार उघडून जिन्याच्या तोंडाशी उभी राहिले. ती एकेक पायरी उतरत होती आणि थांबून थांबून वर बोलत होती. मी खाली बोलत होते. खालच्या मजल्यावर कुणाचं तरी दार किलकिलं झालं. मला कितीतरी दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

"परत कधी येणारेस ते सांगून जा," मी ओरडले.

ताई मधल्या जिन्यात थांबली. बसली नाही. वर मान करून तिनं माझ्याकडे रागानं बघितलं.

"माझ्या मनात आलं तर येईन," ती म्हणाली आणि उतरायला लागली. असं उत्तर ताईनं आजवर कुणालाच दिलं नव्हतं.